धुऱ्यावरची सावली

22 डिसेंबरच्या दुपारी बारा वाजून वीस-बावीस मिनिटांनी अकोला जिल्ह्यातल्या तेल्हाऱ्याच्या शिवारात सूर्य त्या दिवसाच्या सर्वांत उंच जागी पोचतो. तरी तो डोक्यावर नसतो. दक्षिणेला कललेला, क्षितिजापासून जेमतेम पंचेचाळीस अंशांवर. पंचेचाळीस अंशांचा हिशेब शाळकरी पोरालाही जमतो : वस्तू जेवढी उंच, तेवढीच तिची सावली लांब. दक्षिणेच्या धुऱ्यावर वीस फूट वाढलेल्या शेवरीची दाट रांग असेल, तर तिची सावली उत्तरेकडच्या वावरात वीस फूट आत शिरते. धुरा दहा साखळ्यांचा, म्हणजे 330 फुटांचा धरला, तर सहा गुंठे हरभरा भर दुपारी सावलीत. सकाळ-संध्याकाळी त्याहून जास्त.

पश्चिम महाराष्ट्रात ज्याला बांध म्हणतात, त्याला वऱ्हाडात धुरा म्हणतात, आणि धुऱ्याचे भांडण हा इथल्या गावगाड्याचा तिन्ही हंगामांत चालणारा उद्योग आहे. धुरा कोरला, धुऱ्यावरचा निंब तोडला, धुऱ्यावरून गाडी नेऊ दिली नाही, धुऱ्याचा दगड सरकवला. तहसीलच्या आवारात बसलेल्या अर्जलेखकाला ही वाक्ये पाठ असतात. मात्र 'शेजाऱ्याच्या कुंपणाने माझा उजेड अडवला' असा अर्ज त्याने क्वचितच लिहिला असेल. सावली पडत नाही म्हणून नव्हे. सावलीवर अर्ज चालत नाही म्हणून. गेल्या दीड-दोनशे वर्षांत जमिनीविषयी एवढे कायदे झाले, त्यांत दगडाला जागा मिळाली, वाटेला मिळाली, पाण्याला मिळाली, खिडकीलाही मिळाली. पिकावर पडणाऱ्या उन्हाला मिळाली नाही. त्यामुळे वऱ्हाडात भांडण उजेडाचे असले, तरी खटला दुसऱ्याच कशाचा तरी होतो.

कुंपणाच्या उंचीचा विचार मात्र फार जुना आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात शेताला कुंपण किती उंच असावे याचे माप दिले आहे, आणि ते हातांत किंवा दंडांत नाही, उंटात आहे : उंटाला पलीकडचे दिसू नये एवढे उंच. खालच्या बाजूला कुत्र्याचे किंवा डुकराचे तोंड शिरेल एवढेही भोक राहू नये. मोजपट्टी म्हणून जनावर वापरण्याची ही पद्धत फार शहाणपणाची म्हटली पाहिजे. कारण कुंपण घालायचे ते जनावरासाठीच. शेजाऱ्याला त्या कुंपणापलीकडचे दिसते की नाही, त्याच्या पिकाला ऊन मिळते की नाही, याबद्दल तिथे अक्षर नाही.

त्याच अध्यायात पुढे सीमावाद येतो. व्यवहाराच्या, म्हणजे खटल्यांच्या अठरा पदांपैकी तो एक. शिवेवर कोणती झाडे लावावीत याची यादी आहे : वड, पिंपळ, पळस, काटेसावर, साल, ताड आणि चिकाची झाडे. शिवाय वेळूची बेटे, शमी, वेली, मातीचे ढिगारे. झाडे मरतात आणि माणसे खोटे बोलतात हे गृहीत धरून जमिनीखाली पुरायच्या गुप्त खुणाही सांगितल्या आहेत. दगड, हाडे, कोंडा, राख, खापऱ्या, विटा, कोळसे, वाळू. थोडक्यात, मातीत लवकर न विरघळणारे काहीही. साक्षीदारांनी डोक्यावर माती घ्यायची, तांबडी वस्त्रे आणि तांबड्या फुलांच्या माळा घालायच्या आणि आपल्या पुण्याची शपथ घेऊन शीव सांगायची. म्हणजे झाड हे शास्त्राच्या लेखी हद्दीचे साक्षीदार होते. त्याची उंची हा गुण होता, गुन्हा नव्हे. लांबून दिसले पाहिजे, हीच त्याच्याकडून अपेक्षा.

घरांच्या बाबतीत जुने ग्रंथ जास्त बारकाईने बोलतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्याच्या घराला त्रास होईल असे दार किंवा खिडकी काढणाऱ्याला दंड आहे. मध्ये राजमार्ग किंवा रस्ता असेल तर सूट. इथे तक्रार उजेड अडल्याची नाही, नजर आत शिरल्याची आहे. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी, कारण हिंदुस्थानातल्या शेजाऱ्यांची खिडकीवरची भांडणे पुढे दोन हजार वर्षे बव्हंशी याच बाजूने चालली.

मराठी मुलखात शिवेचा तंटा गोतसभेपुढे जायचा, महजर व्हायचा, आणि गावाची शीव कुठून कुठे जाते हे सांगण्याचा मान महाराचा असे. ज्याला गावकुसाबाहेर ठेवले, त्याच्याच शब्दावर गावाची हद्द ठरायची. बलुतेदारीतल्या या विसंगतीकडे गावाने कधी विसंगती म्हणून पाहिले नाही. कागद नसलेल्या काळात शीव ही एका माणसाच्या पायांत आणि आठवणीत जिवंत असे; वडाचे झाड पडले, तरी ते कुठे होते हे तो सांगू शके.

1853 च्या तहाने निजामाने हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला आणि 1861 पासून मुंबई इलाख्याच्या पद्धतीने इथे मोजणी सुरू झाली. तेल्हारा हा त्या वेळी अकोट तालुक्यातला बाजाराचा गाव. मोजणीदार आले ते 33 फुटी साखळी घेऊन. साखळीचे सोळा आणे, एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. प्रत्येक वावराला नंबर मिळाला, कोपऱ्यांवर दगड पुरले गेले, मातीची वरुळे उभी राहिली, दोन नंबरांच्या मध्ये नांगर न लावायची पट्टी राहिली. महाराच्या पायांतली शीव नकाशावर उतरली.

नेमक्या त्याच दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धाने वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आणला. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. काल-परवापर्यंत गवताला सोडलेली जमीन आज पऱ्हाटीखाली आली, आणि नांगर न लावायच्या पट्टीकडे बघण्याची नजर बदलली. चार बोटे धुरा कोरला तर कुणाच्या लक्षात येत नाही. दर मृगाला चार बोटे कोरला तर बापाच्या हयातीत एक तास वाढते. वऱ्हाडातल्या धुऱ्याच्या भांडणाचे आजचे रूप या दशकातले आहे : रोख पीक, नंबरी जमीन आणि मध्ये दोघांचीही असलेली, म्हणून दोघांनाही हवी असलेली पट्टी. त्या पट्टीवर जे उगवते ते कुणाचे, हा प्रश्न तिच्या पोटातच होता. नारदस्मृतीने दोन शेतांच्या सीमेवरच्या झाडाची फळे-फुले दोघांना समाईक ठरवून तो सोडवला होता. बाभळीच्या बाबतीत मात्र फळे समाईक आणि काटे एकट्याचे, अशी वाटणी व्हायची.

कुंपण त्या काळी बहुतेक वाळलेले. बोराटी आणि बाभळीच्या काट्या ओढून आणायच्या, पेरणीनंतर वई घालायची, पीक निघाले की तीच वई चुलीत जायची. अशी वई छातीच्या वर क्वचित जाई आणि तिचे आयुष्य एका हंगामाचे. तिच्या सावलीवर भांडायला वेळच नसे. जिवंत कुंपण गावाभोवती, मळ्याभोवती. शेर, चिलार, सागरगोटी, घायपात, आणि सगळ्यांत जास्त निवडुंग. फड्या निवडुंगाने दख्खनच्या गावांना असे वेढले होते की पुढे तेच संकट झाले. 1926 मध्ये सिलोनमार्गे एक किडा दक्षिण हिंदुस्थानात आणला गेला. किरमिजाच्या जातीच्या या किड्याने काही वर्षांत मैलोगणती निवडुंग कुजवून टाकला. शेजाऱ्याचे कुंपण शेजाऱ्याला न विचारता एवढ्या साफपणे काढून टाकण्याचा दुसरा प्रसंग इतिहासात शोधावा लागेल.

तसा एक आहेही. सातपुड्याच्या पलीकडे, बऱ्हाणपूरच्या बाजूने, एकेकाळी हिंदुस्थानातले सर्वांत मोठे कुंपण जात होते. मिठावरचा कर चुकवून कुणी मीठ नेऊ नये म्हणून इंग्रज सरकारने सिंधू नदीपासून थेट पूर्वेकडच्या महानदीपर्यंत जकातीची रेषा आखली. ती सुमारे 2300 मैल लांब, पहाऱ्याला बारा हजारांवर माणसे, आणि शेकडो मैलांवर बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग यांचे जिवंत कुंपण, पुरते वाढले की दहा-बारा फुटांचे. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ह्यूम हे त्या जकात खात्याचे आयुक्त होते आणि कुंपण दाट व्हावे म्हणून त्यांनी जिवापाड कष्ट घेतले. 1 एप्रिल 1879 रोजी ही रेषा मोडली. ज्यांच्या वावरांतून ते कुंपण गेले, त्यांच्या पिकावर त्याची सावली किती पडली याची नोंद कुणी ठेवली असेल असे वाटत नाही. सरकारी सावली होती ती.

आणि तीनच वर्षांनी कायद्यात उजेड आला.

1882 चा भारतीय सुविधाधिकार कायदा, म्हणजे वकिलांच्या बोलीत 'ईझमेंट ॲक्ट', व्हिटली स्टोक्स यांच्या हातचा. हे गव्हर्नर जनरलच्या मंडळातले विधिसदस्य; माणूस आयरिश आणि केल्टिक भाषांचा नामांकित पंडित. कायदा आधी मद्रास, मध्यप्रांत आणि कुर्गला लागला, मुंबई इलाख्याला 1891 मध्ये. वऱ्हाड कागदावर निजामाचा मुलूख असल्याने तिथे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे आपोआप जात नसत, स्वतंत्र हुकूम काढून लावावे लागत. आज हा कायदा महाराष्ट्रभर चालतो, आणि त्याची कलमे उलटताना जाणवते की लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे विलायतेतले दगडी घर होते.

पंधरावे कलम म्हणते : एखाद्या इमारतीला वीस वर्षे शांतपणे, सुविधाधिकार म्हणून, खंड न पडता उजेड आणि वारा मिळाला असेल, तर तो मिळत राहण्याचा हक्क पक्का होतो. मग शेजाऱ्याने भिंत उभारून किंवा झाड वाढवून खिडकी मारली, तर दावा चालतो. मात्र नुकसान खरोखर जाणवण्यासारखे हवे. थोडा अंधार झाला, एवढे पुरत नाही. सतराव्या कलमात हाच कायदा हात वर करतो. मोकळ्या जमिनीला उजेड किंवा वारा मिळण्याचा हक्क कितीही वर्षे लोटली तरी वहिवाटीने मिळत नाही. घराच्या खिडकीला वीस वर्षांत हक्क, वावराला वीस पिढ्यांतही नाही. ज्या प्रांतात बहुतेक जण उन्हावर पीक काढतात, तिथे उन्हाचा हक्क फक्त खिडकीला द्यावा, ही कल्पना वऱ्हाडी शेतकऱ्याला कुणी नीट समजावून सांगितली असती तर तो हसला असता. एका अर्थी कायद्याचेही खरे : मोकळ्या जमिनीला उजेडाचा हक्क दिला असता, तर शेजारी गाव वसायची सोयच उरली नसती. घर बांधायला निघालेल्या प्रत्येकाला बाजूच्या रिकाम्या प्लॉटने अडवले असते.

दृश्याचे तर नावच काढायला नको. 1610 मधल्या इंग्लंडच्या आल्ड्रेड खटल्यापासून कायद्याचे मत ठरलेले आहे की सुंदर देखावा ही सुखाची बाब आहे, गरजेची नाही, आणि तो झाकला म्हणून दावा चालत नाही. खटला मुळात शेजाऱ्याच्या डुकरांच्या खुराड्याच्या वासावरून होता. वासाला न्याय मिळाला, देखाव्याला ही टिप्पणी. तेल्हाऱ्याच्या कुठल्याही वावरातून उत्तरेला सातपुड्याची निळी रांग दिसते, पावसाळा उलटला की फारच छान दिसते. तिच्यासाठी इथे कुणी कोर्टाची पायरी चढल्याचे ऐकिवात नाही. या सपाट मुलखात लांबवर दिसणे ही लढाईची गरज होती. 29 नोव्हेंबर 1803 ला याच तालुक्यातल्या अडगावला भोसल्यांची फौज आणि इंग्रज सेनापती वेलस्लीची फौज भिडली, तेव्हा वेलस्लीने शत्रू पाहिला तो वाटेतल्या गावाच्या बुरुजावर चढून. दृश्याला त्या दिवशी किंमत होती.

खिडकीच्या हक्काचे खटले वऱ्हाडच्या खेड्यांत फारसे का उभे राहिले नाहीत, याचे उत्तर कायद्यात नाही, घराच्या बांधणीत आहे. जुने वऱ्हाडी घर धाब्याचे : पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, लाकडी किलचण, वर मातीचा थर. शेजारच्या घराशी भिंत लागून. बाजूला खिडकी काढायला जागा नाही आणि काढायची इच्छाही नाही, कारण मेमध्ये अकोला जिल्ह्यात पारा 45 च्या वर जातो आणि खिडकीतून येते ती झळ. उजेड यायचा तो अंगणातून, ओसरीवरून आणि धाब्याला ठेवलेल्या साण्यातून. चुलीचा धूर त्याच वाटेने वर, उन्हाचा कवडसा त्याच वाटेने खाली. आकाशातून सरळ येणाऱ्या त्या उजेडाला शेजारी आडवा येऊ शकत नव्हता. धाबी जाऊन पत्रे आले, पत्र्यांनंतर स्लॅब आला, आणि स्लॅबखालच्या खोलीला बाजूने उजेड लागू लागला, तेव्हा कुठे तेल्हारा-अकोटच्या गल्ल्यांत 'आमच्याकडे खिडकी काढू नका' हे वाक्य रुजले.

त्या वाक्यात दोन भीती एकत्र असतात. एक जुनी, कौटिल्याच्या वेळची, नजरेची. या भीतीलाही कायद्यात जागा आहे. अठराव्या कलमातले उदाहरण असे, की एखाद्या शहराचा रिवाजच तसा असेल तर शेजाऱ्याच्या घरातला खासगीपणा मोडेल अशी नवी खिडकी काढता येत नाही. मुंबई हायकोर्टाने गुजरातेपुरता हा रिवाज 1867 पासून मानला, अलाहाबादने 1888 मध्ये गोकल प्रसाद विरुद्ध राधो या गाजलेल्या खटल्यात. दुसरी भीती वीस वर्षांची. आज उघडलेली खिडकी वीस वर्षांनी हक्क सांगेल, मग मला माझ्याच जागेत मजला चढवता येणार नाही. म्हणून कित्येक जण नवी खिडकी दिसली की समोर, आपल्या हद्दीत, पत्रा ठोकून ठेवतात. त्यात द्वेष थोडा आणि हिशेब जास्त. कायद्याच्या भाषेत खंड पडायचा, तर अडथळा माहीत असूनही वर्षभर निमूट सोसलेला असावा लागतो. तो पत्रा एका वर्षासाठी ठोकलेला असतो. एरवी त्याच्याकडे बघून शेजाऱ्याचा विकृतपणा म्हणायचा मोह होतो.

वावराकडे परत यायचे, तर तिथे कायदा एक विलक्षण भेद करतो. फांदी हद्द ओलांडून आली, तर ती तोडून मागता येते. मुंबई हायकोर्टाने 1894 मध्ये हरी कृष्ण जोशी विरुद्ध शंकर विठ्ठल या खटल्यात हे सांगितले. शेजाऱ्याच्या जमिनीवर फांद्या पसरलेल्या ठेवण्याचा हक्क कितीही वर्षांनी मिळत नाही. त्याच सुमारास इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने लेमन विरुद्ध वेब या खटल्यात, आपल्या बाजूला आलेली फांदी आपल्या जागेत राहून, नोटीस न देताही छाटता येते असा निकाल दिला. फांदीला वजन आहे, ती हाताला लागते, ती अतिक्रमण करते. तिची सावली तेच पीक मारते, पण ती कुठल्याच कोर्टात हद्द ओलांडत नाही. शेवरीची रांग पलीकडच्या धुऱ्यावर सरळसोट उभी असेल, एकही फांदी इकडे नसेल, तर सहा गुंठे हरभऱ्याचा दावा हवेत विरतो. कुंपणानेच शेत खाल्ले अशी म्हण मराठीत आहे. शेजाऱ्याच्या कुंपणाने खाल्ले तर काय म्हणायचे, ते म्हणीने सांगितलेले नाही.

आणि कुऱ्हाड घेऊन जावे, तर दुसरेच कलम अंगावर येते. शेजाऱ्याचे झाड तोडणे हा नुकसानीचा गुन्हा. झाड आंबा, चिंच, मोह, जांभूळ यांसारखे अनुसूचीतले असेल, तर 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याने मालकालाही परवानगीशिवाय तोडता येत नाही. भांडणाच्या भरात सरकारी हद्दीचा दगड हलला, तर भारतीय दंड संहितेच्या 434 व्या कलमात वर्षभराची कैद होती.

म्हणून सावलीचे भांडण वेश पालटते. 1966 च्या जमीन महसूल संहितेच्या 143 व्या कलमाखाली तहसीलदाराला धुऱ्यावरून वहिवाटीचा रस्ता देता येतो. कुंपण जाड झाले की धुरा अरुंद होतो, गाडी अडते. मग ज्याचा हरभरा सावलीत गेला तो रस्त्याचा अर्ज करतो. मामलेदार न्यायालय कायद्याच्या पाचव्या कलमात वाट किंवा पाणी अडवल्यास सहा महिन्यांच्या आत दाद मागता येते. मग कुंपणाच्या बुडाशी साचलेली माती नाल्याचे पाणी अडवते अशी तक्रार होते. तेही जमले नाही, तर मोजणी. कुंपण हद्दीत एक फूट आत आले असे निघाले, तर शेवरी मुळासकट काढावी लागते आणि ऊन आपोआप मोकळे होते. पंच, पटवारी, मंडळ अधिकारी मोक्यावर येतात, बयाने होतात. साऱ्या कागदांत सावली हा शब्द येत नाही, पण धुऱ्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत असते की गोष्ट तिचीच आहे.

मुळात ही शेवरी इथे आली कशी? तेल्हारा तालुक्याचे दोन तोंडवळे आहेत. दक्षिणेकडे, पूर्णेच्या बाजूला, खारपाण पट्टा. पाणी खारे, माती चिकट काळी, धुऱ्यावर मुख्यतः बाभूळ आणि निंब. उत्तरेकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी, गोडे पाणी. हिवरखेड, दानापूर भागात बागायत, आणि वारी हनुमानच्या वान धरणाने तिला आणखी बळ दिले. केळीला वारा सोसत नाही, पाने फाटतात. म्हणून बागेच्या कडेने शेवरी किंवा गजराज गवताची दाट भिंत उभी करतात. केळीवाल्याला ती भिंत जेवढी उंच तेवढी चांगली. शेजारच्या कोरडवाहू कापसाला आणि हरभऱ्याला तीच भिंत नकोशी. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात, आणि अशी भांडणे मिटायला सर्वांत अवघड.

याच पट्ट्यात सावलीची उलटी बाजूही बघायला मिळते. अकोट, तेल्हारा, अंजनगाव सुर्जीचे पानमळे आणि पानपिंपळी प्रसिद्ध आहेत. पिढ्यान्‌पिढ्या बारी समाजाने हा धंदा सांभाळला. पानवेल शेवरी, पांगारा, हेटी यांच्या खोडांवर चढवायची, चारी बाजूंनी टाट्या आणि कुंपण लावून ऊन आणि लू अडवायची. आत शिरले की दुपार एकदम मावळल्यासारखी वाटते. इथे शेजाऱ्याचे उंच कुंपण ही फुकटची मदत. वऱ्हाडी माणूस सावलीच्या विरुद्ध आहे असे म्हणणे म्हणूनच चुकीचे. तो चुकीच्या पिकावर पडलेल्या सावलीच्या विरुद्ध आहे.

इंग्लंडने या प्रश्नाला नाव देऊन कायदा केला. वेल्समधल्या लेटन हॉल या जमीनदारीत 1888 मध्ये दोन जातींच्या सायप्रसचा संकर सापडला. तो लेलँड सायप्रस झपाट्याने वाढतो, बारा महिने हिरवा, भिंतीसारखा दाट. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उपनगरांतल्या लहान परसांभोवती तो लागला आणि शेजाऱ्यांची स्वयंपाकघरे काळोखात गेली. 2003 च्या समाजविघातक वर्तनविरोधी कायद्याच्या आठव्या भागात 'उंच कुंपण' आले : सदाहरित किंवा जवळजवळ सदाहरित अशा दोन किंवा अधिक झाडांची रांग, दोन मीटरहून उंच, उजेड किंवा वाट अडवणारी. शेजारी स्थानिक मंडळाकडे तक्रार करतो आणि मंडळ किती उंचीपर्यंत छाटायचे ते ठरवून देते. इंग्लंडमध्ये ही तरतूद 2005 च्या जूनमध्ये लागू झाली. स्कॉटलंडने 2013 मध्ये वेगळा कायदा केला.

यामागे भूगोल आहे. लंडनला डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजावर पंधरा अंश चढतो, तेव्हा दोन मीटरच्या कुंपणाची सावली साडेसात मीटर पडते. परसच तेवढे नसते. तेल्हाऱ्याला ती दोन मीटरच. आणि जूनमध्ये तेल्हारा कर्कवृत्ताच्या आत असल्याने सूर्य थोडा उत्तरेलाच सरकतो; मृगाच्या पेरणीला दक्षिणेचे कुंपण दुपारी उत्तरेकडे सावली टाकत नाही. खरिपात चिडीचूप असलेले दोन शेजारी रब्बीत बोलेनासे होतात, ते सूर्याच्या या येरझारीमुळे.

गेल्या काही वर्षांत धुऱ्यावरची शेवरी काही ठिकाणी आपणहून हटते आहे, आणि त्याचे श्रेय कुठल्याही कोर्टाला नाही. मेळघाटच्या बाजूने रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरे उतरतात. रोही उंच कुंपणावरून उडी मारते, डुक्कर खालून शिरते. मनुस्मृतीतला उंट तेवढा बदलला, डुक्कर तेच आहे. झाडांच्या रांगेने ते थांबत नाहीत. म्हणून सिमेंटचे खांब, काटेरी तार, सौर ऊर्जेवरची झटका मशीन. तारेला सावली नाही. हरभऱ्याचे सहा गुंठे उन्हात आले.

पण खांब रोवायचा तर तो नेमका कुठे, हे आधी ठरवावे लागते. वईचा काटा इकडे-तिकडे सरकला तर चालून जाई. सिमेंटचा खांब एकदा बसला की हलत नाही, आणि त्याच्यामागे खर्च असतो. मग भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचे शुल्क भरायचे, तारीख लागली की भूमापक येतो. आता हाती साखळी नसते. उपग्रहाशी बोलणारा रोव्हर असतो, सेंटिमीटरपर्यंत जागा दाखवणारा. तो जुन्या नकाशावरून कोपरा काढतो, दोन्ही शेजारी, पोलीस पाटील, दोन-चार बघे मागोमाग चालतात, आणि ज्या जागी दीडशे वर्षांपूर्वीचा दगड सापडायला हवा, तिथे कधी कधी सापडते ते शेवरीचे मनगटाएवढे खोड, दगडाला कवेत घेऊन वाढलेले. मग ते आधी तोडायचे कुणी, यावर दोघेही भूमापकाकडे बघतात.